चार वेळा न दिलेली गोळी

ये वं बाई, कागदावरच का होईना, अशी जवळ येऊन बस. उभ्या-उभ्या फोनवर बोलायची तुझी रीत मले बिलकुल आवडत नाही. परवा फोन केला तर काय विचारलं तू? "मावशी, ती पाळी पुढं ढकलायची गोळी कोणती वं? दिराच्या लग्नात तारीख येऊन राह्यली. नाव पाठव लवकर, मी मेडिकलमधून आणते." आणि ठेवला फोन! मावशी कशी आहे, घरचे कसे आहेत, काही नाही. पुण्याले गेलं म्हणून माणसानं एवढं घाईचं व्हावं काय? एवढी शिकली, एवढ्या मोठ्या हापिसात बसते, आणि गोळी विचारते कोणाले, तर सातवी पास मावशीले.

नाव मी पाठवलं नाही. रागानं नाही वं. त्या गोळीचं नाव मी आता कोणालेच देत नाही. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून वही घेऊन बसली आहे. पूर्ण वाच. मधातच "कळलं, कळलं" म्हणून ठेवून देऊ नको.

तुले तर माहीत आहे, मोताळ्यात आमच्या गल्लीत मले बाया गोळीवाली काकू म्हणतात. ते कसं झालं ते ऐक. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या होत्या. सासूबाईनं बोटावर दिवस मोजले आणि म्हणाली, "तुझी तारीख तर नेमकी जेवणाच्या दिवशी येते वं." जसं काही मीच ती तारीख माहेरून सोबत आणली होती. घरात पुरणाचा, सोळा भाज्यांचा स्वयंपाक, आणि नवी सून बाजूले बसलेली, असं तिले चालणार नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं मले गोळ्या दिल्या आणि समजावून सांगतलं, "तारखेच्या तीन दिवस आधी सुरू कर. काम झालं की बंद कर. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते." झालं. एवढं शिक्षण घेऊन मी पुढं चाळीस वर्षं डॉक्टरकी केली!

बाया विरजण मागावं तशी गोळी मागायच्या. "काकू, निघतील काय चार-पाच? भावाचं लग्न आहे." कोणाची पूजा असायची, कोणाले शेगावले दर्शनाले जायचं असायचं. मी मेडिकलमधून आणून ठेवलेल्या गोळ्यांचा डबा उघडायची आणि द्यायची. विचारायची फक्त तारीख. बीपी आहे काय, पाय सुजतात काय, दिवस तर गेले नाहीत ना, हे मी कधी कोणाले विचारलं नाही. मलेच कोणी विचारलं नव्हतं.

आणखी एक झालं. समोरच्या वहिनीची पाळी दोन-दोन महिने यायची नाही. डॉक्टरनं तिले तपासलं आणि तसलीच गोळी थोडे दिवस दिली. आठ दिवसांत पाळी आली. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की ही गोळी पाळी थांबवते बी आणि आणते बी. आणि गोळी गरम. पपई गरम, तीळ गरम, तशी ही बी गरम.

आता सुनेचं सांगते. तुले सांगतलं नव्हतं, म्हणून रुसू नको. तिले दिवस गेले आहेत. पाचवा चालू आहे. तिसऱ्यांदा.

पहिले दोन तुले माहीत आहेत. एकदा दीड महिन्यात गेलं, एकदा तिसरा लागता लागता. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं शिकवणीच्या पोरांना बोलावलं. मी म्हटलं, राहू दे ना बाई चार दिवस. ती म्हणाली, "घरात बसून काय करू, आई?" पाढे म्हणवून घेत होती. सोळाच्या पाढ्यात मधातच थांबली. पोरं बी थांबली. कोणीच पुढं म्हणे ना. मी स्वयंपाकघरात होती, कणकेत हात. तो पाढा पुरा झालाच नाही त्या दिवशी.

म्हणून या वेळी ठरलं की तिसरा पुरा होईपर्यंत कोणाले म्हणजे कोणाले सांगायचं नाही. तिच्या माहेरी बी नाही. पहिल्या दोन वेळी आपण आनंदानं सांगत सुटलो आणि मग एकेकाले फोन करून उलटं सांगावं लागलं, ते तिले पुन्हा नको होतं. बरोबरच होतं तिचं. पण त्या न सांगण्यानंच माझी वाट चुकवली.

दीड महिना झाला असेल. तिले कपड्यावर तपकिरी डाग दिसला. लगेच बुलढाण्याच्या डॉक्टरबाईकडं गेलो. नवरा-बायको आत गेले, मी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. आत काय बोलणं झालं ते मले ऐकूच आलं नाही. बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, "आता ठीक आहे. एक गोळी दिली, सकाळी-सांजच्याले. चुकवायची नाही म्हणे."

"कायची गोळी रे?"

"प्रोजेस्टेरॉन. तुले काय समजणार आहे, आई?"

तो वाईट नाही वं. घाबरलेला होता. पण शब्द लागला. मग मी बी पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गोळीचं खोकं रिकामं करून पिशवीत टाकलं आणि भाजी आणायच्या निमित्तानं मेडिकलवर गेली. दुकानात ही गर्दी. अर्धी आपल्याच ओळखीची, कान टवकारून उभी. मी हळूच खोकं पुढं केलं. "भाऊ, हे कायचं आहे?"

त्यानं वरच्यावर पाह्यलं आणि हसला. "काकू, तुम्ही मले विचारता? हे तर तुमच्याच गोळीच्या घराण्यातलं आहे. पाळीचं हार्मोन. कोणासाठी पाहिजे?"

"असंच," मी म्हटलं. "शेजारणीचं आहे."

"गरोदर बाईले चालते काय?" एवढंच विचारायचं होतं, जिभेवर आलं होतं. पण शेजारी आमच्याच गल्लीतली उभी होती. विचारलं असतं तर घरी पोचायच्या आधी सगळ्या मोताळ्याले कळलं असतं. खोकं उचललं आणि आली. भाजी घ्यायची बी राह्यली.

रस्त्यानं एकच डोक्यात. पाळीची गोळी! पोटुशा बाईले पाळीची गोळी! मनात म्हटलं, दोनदा बी डॉक्टरचंच ऐकलं होतं ना आपण? काय झालं? पोराले सांगावं तर तो म्हणणार, तुले काय समजते. सुनेले सांगावं तर ती आधीच अर्धी झालेली. मग मीच ठरवलं.

तिले वास सहन होत नव्हता, अंथरुणात डोळे मिटून पडून असायची. दूध आणि औषध मीच द्यायची. हातावर आता तीन गोळ्या झाल्या होत्या. एक ताकदीची, एक उलटीची आणि एक ही, मोत्यासारखी गोल आणि मऊ. ती डोळे न उघडताच हात पुढं करायची. त्या दिवशी सांजच्याले मी दोनच ठेवल्या. तिसरी पदराच्या गाठीत बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनच. सांजच्याले दोनच. तिसऱ्या दिवशी सकाळी बी दोनच. चार गोळ्या झाल्या गाठीत. दर वेळी गाठ बांधताना वाटायचं, आपण वाचवून राह्यलो लेकराले. आणि दर वेळी दाराकडं पाहायची, पोरगा तर येत नाही ना. चोरून करावं लागत होतं तर मी थांबली काऊन नाही, हे मी आजवर मले विचारते.

त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी मोरीतून आवाज आला, "आई."

मोठ्यानं नाही. हळूच. पण मले कळलं. आत गेली तर तिनं फक्त कपडा दाखवला. लाल. तपकिरी नाही, लाल. ती रडली नाही. मले म्हणाली, "आई, पुन्हा."

शेजारच्यांची गाडी घेतली. ती मागच्या सीटवर, डोकं माझ्या मांडीवर. राजूरचा घाट तू पाह्यला आहे, लहानपणी तिथं तुले उलटी व्हायची. त्या दिवशी एकेक वळण आलं की मी तिले दोन्ही हातांनी असं धरायची, जसं काही मी धरलं तर आतलं बी हलणार नाही. पोरगा पुढून मागं वळून विचारते, "गोळी तर बरोबर घेतली ना तू?"

ती म्हणाली, "आईंच्याच हातून घेतली. एकही चुकली नाही."

बाई, तो घाट कधी सरला मले माहीत नाही. पदराची गाठ माझ्या कमरेले लागून होती, निखारा ठेवल्यासारखी.

डॉक्टरबाईनं या वेळी मले बी आत घेतलं, कारण सून माझा हात सोडत नव्हती. बाईनं पहिले तेच विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"हो," सून म्हणाली.

मी गाठ सोडली. चारी गोळ्या टेबलावर ठेवल्या. एक घरंगळली, ती डॉक्टरबाईनंच बोटानं अडवली. मग पोरगा म्हणाला, "आई, हे काय? तू येडी झाली काय?" सुनेनं माझ्याकडं पाह्यलंच नाही. ती त्या गोळ्यांकडं पाहत होती. आणि हात, मघापासून धरलेला, तिनं सोडवून घेतला.

"आधी तपासू," बाई म्हणाली. "भांडायला घर आहे तुम्हाला."

पडद्यामागं सोनोग्राफी सुरू झाली. मी भिंतीले टेकून उभी. देवाचं नाव घ्यायची बी लाज वाटत होती. त्याले काय सांगणार, मीच केलं आणि तूच सांभाळ? आतून मशीनच्या बटणांचे आवाज येत राह्यले. मग बाई म्हणाली, "ठोका आहे. हा पहा, दिसतोय." मी खालीच बसली.

मग बाईनं मले समोर बसवलं. मले वाटलं आता झाडणार. पण तिनं मास्तरीणबाईसारखं विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटलं होतं या गोळीबद्दल?"

"ही पाळीची गोळी आहे. हिच्यानं पाळी येते."

"पाळी गोळी घेतल्यानं येते, की बंद केल्यानं?"

चाळीस वर्षं मीच बायाले सांगत होती ना ते. "बंद केल्यानं," मी म्हटलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी..." टेबलावरच्या चार गोळ्या दिसल्या. "मी बंद केली."

एवढं बोलली आणि सारं समोर आलं. जे मले पाठ होतं, तेच मी उलटं धरलं होतं.

मग तिनं समजावलं. बाईच्या शरीरात दर महिन्याले अंडं सुटलं की हे प्रोजेस्टेरॉन तयार होते. गर्भाच्या पिशवीतलं अस्तर ते सांभाळून धरते, कोणी पाहुणा येईल म्हणून अंथरूण घालून ठेवावं तसं. कोणी आलं नाही तर ते कमी होते, अंथरूण उचललं जाते, ती पाळी. कोणी आलं तर ते कमी होऊन चालत नाही. पुढं वार, म्हणजे बाळाची नाळ जिथं जोडलेली असते ती, तयार झाली की ते काम वारच घेते. पाळी उशिरा-लवकर होणं, अंगावर जास्त जाणं, पाळी जायच्या वयात होणारे त्रास, या सगळ्यात त्याचा हात असते म्हणे. मी पाच लेकरांच्या घरात सून म्हणून आली, एक पोरगा वाढवला, पाळी जाऊन किती वर्षं झाली, आणि हे नाव मले आता कळलं.

"पण मग माझी गोळी?" मी विचारलं.

"एकाच घरातल्या दोघी जावा," ती म्हणाली. "घर एक, स्वभाव वेगळे. ही गरोदरपणात देता येते. तुमची ती नाही देत. आणि ती सुद्धा कोणालाही वाटायची नसते. कोणाला पायात रक्ताची गाठ झालेली असते, कोणाचं लिव्हर खराब असतं, कोणाला दिवस गेलेले असतात आणि तिलाच माहीत नसतं. तुम्ही विचारता का हे सगळं?"

मी नाही म्हटलं. आणि घरी येईपर्यंत एकेक चेहरा आठवत राह्यली. कोणाकोणाले दिली? त्यातल्या कोणाले तर दिवस गेले नसतील? आता विचारायची बी सोय नाही.

तू बी ऐक मग. तुझ्या मायच्या पायात ऑपरेशननंतर रक्ताची गाठ झाली होती, ते डॉक्टरले सांगतल्याबिगर काही घेऊ नको. डॉक्टरसमोर बसायचं, दहा मिनिटं काढायची. दिराच्या लग्नात तुझी पाळी आली तर अक्षता काही परत जात नाहीत.

निघताना मी डॉक्टरबाईले हळूच विचारलं, "हे माझ्याच्यानं झालं काय?"

तिनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवला. म्हणाली, "तिचं शरीर स्वतः ते बनवतंच आहे. तुम्ही फक्त बाहेरचा आधार काढलात. त्या दोन दिवसांमुळेच रक्त गेलं, असं मी म्हणणार नाही. त्यामुळे गेलंच नाही, असंही म्हणता येणार नाही. आणि गोळीनं टिकेलच, असं मी कोणाला लिहून देत नाही. दोनदा गेलंय, आता रक्त दिसलं, अशा बाईला थोडी मदत होते, म्हणून देते."

तिनं खोटा धीर दिला असता तर बरं वाटलं असतं. पण मग मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

घरी आल्यावर सुनेनं गोळ्यांचं खोकं स्वतःच्या उशाशी ठेवलं. फोनमध्ये गजर लावला. म्हणाली, "आई, दूध तेवढं आणा. गोळी मी घेईन." रागानं नाही. आवाज अगदी साधा. ती ओरडली असती तर मी रडून मोकळी झाली असती. तो गजर वाजला की मी जिथं असेल तिथं थांबायची, हातात झाडू असो की पोळी. ती उठली, पाणी प्याली, खोकं बंद केलं, एवढे आवाज ऐकायची आणि मग पुढचं काम. पोरगा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मग एक दिवस स्वतःच म्हणाला, "तुले त्या दिवशी नीट सांगतलं असतं तर..." आणि चहा घेऊन निघून गेला.

चौथा लागला. रक्त पुन्हा दिसलं नव्हतं. मले वाटलं, आता श्वास घेऊ. तर डॉक्टरबाई म्हणते, "हे खोकं संपलं की गोळी बंद."

"बंद?" मी उभीच राह्यली. "बंद केल्यानं येते, तुम्हीच म्हणाल्या ना!"

ती हसली. "मावशी, आता वार तयार झाली आहे. तिचं काम तीच करते. बसा."

मी बसली, पण मन बसेना. शेवटची गोळी संपली त्या दिवसापासून मी मोरीच्या दाराशी उभी राहू लागली. सून आत गेली की मी बाहेर. हातात एखादं भांडं घ्यायचं, घासलेलंच पुन्हा घासायचं. कान आत. दोन-तीन दिवस, नर्सबाई म्हणाली होती. तीन गेले. माझा विश्वास बसेना. पाच गेले. सात गेले.

आठव्या दिवशी आतून आवाज आला, "आई!" मोठ्यानं. हातातली घागर सुटली, पाणी सगळ्या अंगणात. मी तिथंच चिखलात बसली. दार उघडलं. सून बाहेर आली. "पाल आहे आत! केवढी मोठी!"

मी तिच्याकडं पाहत राह्यली. हसू की रडू कळेना. तिनं मले पाह्यलं, घागर पाह्यली, आणि तिले कळलं. माझ्याजवळ खाली बसली, तशीच ओल्यात.

"आई, तुम्ही रोज इथं उभ्या असता ना?"

"हाव."

"मला दिसतात तुमचे पाय. दाराच्या खालून." मग म्हणाली, "पहिले चार दिवस राग यायचा. आता पाय दिसले नाहीत तर मीच घाबरते."

पाल मीच काढली, झाडूनं. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर मोरीच्या दाराशी प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं. तिनंच ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाली, "उभं राहून गुडघे दुखतील तुमचे. मग त्यांना तेल कोण लावणार, मी?"

त्याच स्टुलावर बसून हे लिहून राह्यली. ती आत आंघोळ करून राह्यली. पाण्याचा आवाज येते आहे, तोवर बरं असते. आवाज थांबला की माझा पेन थांबते. परवा तिनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला, म्हणाली, हललं. मले काही कळलं नाही. मी हो म्हटलं. पाचवा आहे, अजून चार बाकी. डॉक्टरबाई म्हणते सगळं ठीक आहे, आणि मी दर वेळी विचारते, ठीक म्हणजे किती ठीक?

दिवसभर घरात आम्ही दोघी. ती मले हसवते, मी तिले हसवते, आणि दोघीले एकमेकीची भीती दिसते. तिसरं माणूस पाहिजे वं घरात, जे मोठ्यानं बोलेल, पत्ते मांडेल, आमाले ओरडेल. लग्न आटपलं की तशीच गाडीत बस, मलकापूरले उतर, घ्यायले पोरगा येईल. चार दिवस नाही जमलं तर दोन दिवस ये. पण लवकर ये.